बिडाला घाम फुटला तो दिवस

सप्टेंबरचा दुसरा आठवडा, वाळवा तालुका, रात्रभर पाऊस पडून गेलेला. समोर जुना मॅसी फर्ग्युसन 1035. तीस वर्षं उसाच्या ट्रॉल्या ओढून त्याच्या इंजिनावर नि गिअरबॉक्सवर ऑइल, काळी माती आणि पाचटाचा असा कीट बसला होता की बोल्टांची डोकी दिसत नव्हती. तक्रार एकच: रात्री उभा केला की सकाळी बेल हाउसिंगखाली (इंजिन नि गिअरबॉक्सच्या मधल्या कवचाखाली) ऑइलचं थारोळं. क्रँकचं (इंजिनाच्या मुख्य दांड्याचं) मागचं सील गेलंय, ट्रॅक्टर मधोमध तोडावा, म्हणजे इंजिन नि गिअरबॉक्स वेगळे करावे लागतील, असं गॅरेजवाल्यानं सांगितलं होतं. ते खरं की खोटं, हे आधी बघायचं होतं. त्यासाठी कीट काढून गळती उघडी पाडायची होती.

डिझेल मारून ब्रशनं धुतलं की सगळंच ओलं होतं, गळती दिसत नाही. प्रेशर वॉशरचं पाणी वायरिंगमध्ये शिरतं. वाळूचा मारा तर गिअरबॉक्सजवळ नकोच. ब्रीदरमधून (हवा जायच्या भोकातून) चार कण आत गेले तरी बेअरिंग खातात. म्हणून ड्राय आइस.

ड्राय आइस म्हणजे गोठलेला कार्बन डायऑक्साइड, उणे 78.5 अंश सेल्सिअस. ब्लास्टिंगला, म्हणजे हवेच्या दाबानं मारायला, त्याचे 3 मिलिमीटर जाडीचे दाणे लागतात. ते आदळले की कीट थंडीनं ठिसूळ होऊन आकसतो, खालचं बीड (ओतीव लोखंड) तितकं आकसत नाही, म्हणून पकड सुटते. दाण्याचा लगेच वायू होतो, शेकडो पट फुगतो आणि सुटलेला पापुद्रा उडवतो. मागे वाळू राहत नाही, पाणीही राहत नाही. हवेतल्या पाण्याचं मात्र वेगळं आहे, आणि त्या दिवशी तेच नडलं.

आदल्या संध्याकाळी 120 किलो दाणे उचलले, सकाळी वजन 111 भरलं. एवढी घट धरूनच चालावं. थर्मोकोलच्या पेटीचं झाकण चिकटपट्टीनं हवाबंद करायचं नाही, आतल्या वायूच्या दाबानं पेटी फुटते. पेट्या टेम्पोच्या हौद्यात, केबिनमध्ये कधीच नाही.

मालकाला काम शेडमधल्या सर्व्हिसिंगच्या खड्ड्यावर हवं होतं. आम्ही ठाम नकार दिला. एक किलो ड्राय आइसचा पाचशे लिटरहून जास्त वायू होतो. ताशी 40 किलो वापरला तर वीस घनमीटरच्या वर. हा वायू हवेच्या दीडपट जड, तो खड्ड्यातच साचतो. ऑक्सिजन मीटरवर विसंबू नये: हवेत 5 टक्के कार्बन डायऑक्साइड झाला, माणसाचं डोकं गरगरायला लागलं, तरी ऑक्सिजन 21 वरून जेमतेम 20 वर येतो. कार्बन डायऑक्साइडचाच मीटर हवा. ट्रॅक्टर उघड्या अंगणात घेतला, चाकांना ओंडके लावले.

बॅटरी काढली. सायलेन्सरचं तोंड, एअर क्लीनरचा पाइप, ब्रीदर बंद केले. खाली जाड ताडपत्री. बोटभर जाडीचा ग्रीस लाकडी पट्टीनं खरवडून काढला, कारण मऊ ग्रीस ड्राय आइसनं निघत नाही, नुसता शेजारी उडतो. मशीन आणि ट्रॅक्टर दोन्हींना अर्थिंगची वायर जोडली. कोरड्या दाण्यांच्या घर्षणानं स्थिर वीज तयार होते आणि डिझेलच्या टाकीशेजारी ठिणगी परवडणारी नाही. कानाला मफ, तोंडावर शील्ड, हातात थंडीचे मोजे. आवाज 100 डेसिबलच्या वर जातो.

हाउसिंगला 6 बार दाब, वायरिंग आणि रेडिएटरच्या पात्यांना 3 बार. नोझल वीतभर लांब, तिरपं धरून, सतत हलतं. एका जागी थांबलं की बीडच थंड पडतं, कीट नि धातू यांच्या तापमानातला फरक जातो आणि साफसफाई उलट मंदावते.

वीस मिनिटांत गन थुंकायला लागली, मग बंदच पडली. भाड्याचा कॉम्प्रेसर रस्ते फोडायच्या कामातला, त्याची हवा गरम नि ओली. ते पाणी नोझलमध्ये गोठून बसलं होतं. हॉपर, म्हणजे दाणे भरायची टाकी, उघडला तर दाण्यांचाही गोळा झालेला. होज उन्हात मोकळा केला, हवा थंड करणारा आफ्टरकूलर आणि पाणी वेगळं करणारा मॉइश्चर सेपरेटर जोडला, दर दहा मिनिटांनी पाणी सोडत राहिलो, हॉपरमध्ये एका वेळी 10 किलोच भरले. मग काम सुरळीत झालं.

दुपारी दोनपर्यंत ब्लॉकवरचे ओतकामाचे आकडे उघडे पडले, खालचा मूळचा रंगही शाबूत. ताडपत्रीवर 11 किलो घाण जमली. ती शेतात टाकायची नसते, डब्यात भरली. ड्रॉबारचा (ट्रॉली जोडायच्या दांड्याचा) गंज मात्र जसाच्या तसा, कारण ड्राय आइस मऊ असतो, घट्ट गंज त्याला दाद देत नाही. नांगर-रोटाव्हेटरसाठी हा खर्च आम्ही कुणालाच सुचवत नाही.

आणि मग बिडाला घाम फुटला. हवा 27 अंश, आर्द्रता 85 टक्के; अशा हवेचा दवबिंदू 24 च्या आसपास. म्हणजे धातू तीनच अंश थंड झाला तरी त्यावर पाणी धरणार, आणि ब्लॉक तर पांढरा गोठलेला. अर्ध्या तासात सगळा ट्रॅक्टर ठिबकायला लागला. पीटीओ शाफ्टच्या (अवजारं फिरवणाऱ्या मागच्या दांड्याच्या) उघड्या खाचांवर तासाभरात तांबूस झाक आली. गळती शोधायला खडूची पूड मारली (तिच्यावर ऑइलची रेघ उठून दिसते) तर तिची लगेच लापशी झाली. ज्या ओलीपासून पळून ड्राय आइस घेतला होता, तीच ओल हवेतून आली.

पुसून, गरम हवा मारून उघड्या धातूवर पातळ ऑइल लावलं. डायनॅमो रात्रभर सुकू दिला. पावसाळ्यात एकदम सगळं थंड न करता हातभर भाग साफ करावा, तो लगेच गरम हवेनं सुकवावा, मग पुढचा घ्यावा. फेब्रुवारी-मार्चच्या कोरड्या हवेत हा ताप बराच कमी.

दुसऱ्या दिवशी ऊन पडल्यावर पुन्हा खडू मारला आणि इंजिन वीस मिनिटं चालवलं. काळी रेघ रॉकर कव्हरच्या (इंजिनावरच्या झाकणाच्या) मागच्या कोपऱ्यातून निघाली, ब्लॉकच्या पाठीमागून उतरत बेल हाउसिंगपर्यंत गेली. क्रँकचं सील कोरडं. गेलं होतं ते कव्हरचं बुचाचं गॅस्केट (सांध्यातली पट्टी). ट्रॅक्टर तोडायची गरजच नव्हती.

अवजारं उचलणारी लिफ्ट वर-खाली केल्यावर तिच्या कव्हरच्या सांध्यातूनही पाझर सुरू झाला. तिथली गळती इतकी वर्षं कीटानंच बुजवून ठेवली होती. त्याच दुपारी दोन्ही गॅस्केट बदलली.