डिझेल बुलेटवरून लोणारला: वाटेत भेटलेले अंदाज

रांजणगाव मागे पडेपर्यंत माझ्या गाडीकडे कुणी वळून पाहिलं नाही. पुणे-नगर रस्त्यावर कंटेनर आणि कंपन्यांच्या बसगाड्यांचा एवढा गलका असतो की एखाद्या मोटारसायकलचा वेगळा आवाज त्यात उमटतच नाही. शिरूरला चहासाठी थांबलो, गाडी चालूच ठेवून हेल्मेट काढत होतो, तेवढ्यात शेजारच्या टेबलावरचा कॉलेजचा मुलगा उठून आला. दोन मिनिटं मान तिरकी करून ऐकत राहिला आणि काळजीने म्हणाला, "दादा, टॅपेट लय वाजतायत. सेट करून घ्या, नायतर हेड काढायला लागंल."

टॅपेट, म्हणजे इंजिनाचे व्हॉल्व्ह उघडणारे भाग, ठीक होते. पण पेट्रोल बुलेट असा आवाज करू लागली तर कुठलाही जाणता माणूस हेच म्हणेल. मी त्याला म्हटलं, "डिझेलवरची आहे." तो हसला नाही, वादही घातला नाही. खाली बसून स्पार्क प्लग शोधू लागला. तो सापडेना तेव्हा कुठे त्याचा विश्वास बसला.

ही गाडी म्हणजे एनफील्डची टॉरस. 1993 मध्ये बाजारात आली आणि 2000 च्या सुमारास, प्रदूषणाचे नियम कडक होत गेले तशी बंद झाली. सांगाडा, टाकी, सीट सगळं बुलेटचं; इंजिन मात्र ग्रीव्ह्ज लोम्बार्डिनीचं, एक सिलिंडर, 325 सीसी, हवेवर थंड होणारं. ताकद जेमतेम साडेसहा हॉर्सपॉवर, वजन जवळपास 200 किलो. ताशी 65 च्या पुढे ती जात नाही आणि 50 लाच तिला सुख असतं. सपाट रस्त्यावर लिटरला 70 किलोमीटरच्या घरात पळते. तेव्हा डिझेल पेट्रोलपेक्षा पुष्कळच स्वस्त होतं, त्यामुळे रोज लांबचा पल्ला मारणाऱ्याला हे गणित लगेच पटायचं. माझी गाडी आधी एका दूधवाल्याकडे होती. मागच्या कॅरिअरवर कॅन अडकवायचे हुक अजून आहेत. मी ते काढले नाहीत, काढणारही नाही.

चालवायलाही ती निराळी. गिअर उजव्या पायात, ब्रेक डाव्या पायात, पहिला गिअर वर आणि बाकीचे खाली. जुनी बुलेट चालवलेल्यांना यात नवल नाही. नवल पुढे आहे: किल्ली फिरवून हे इंजिन बंद होत नाही. ठिणगीच नाही तर तोडणार काय? सिलिंडरमध्ये हवा 17-18 पट दाबली जाते, ती इतकी तापते की त्यात फवारलेलं डिझेल आपोआप पेटतं. बंद करायचं तर डिझेलच तोडावं लागतं. त्यामुळे किल्ली खिशात घालूनही गाडी धडधडत उभी आहे, हे दृश्य पाहून लोक हमखास जवळ येतात.

सुप्याच्या पुढे एका पंपावर डिझेल भरायला वळलो. दुचाकींच्या रांगेत फक्त पेट्रोल, म्हणून मी ट्रॅक्टर आणि ट्रकच्या रांगेत उभा राहिलो. माझी पाळी आली तसा पंपावरच्या मुलाने नोझल मागे घेतलं. "काका, ही लाइन डिझेलची."

"डिझेलच हवंय."

"बुलेटमध्ये? नाही टाकणार मी. इंजिन गेलं तर पगारातून कापतात."

त्याचा हा नकार मला फार आवडला. चुकीचं इंधन टाकलं की गाडीवाला आरडाओरडा करतो आणि भरपाई अशाच एखाद्या पोराच्या पगारातून जाते, हे त्याला नीट ठाऊक होतं. मी आरसीचं कार्ड काढून दाखवलं. इंधनाच्या रकान्यात डिझेल लिहिलेलं त्याने दोनदा वाचलं, मॅनेजरला बोलावलं. मॅनेजरने टाकीचं झाकण उघडून वास घेतला आणि मान हलवली. तोपर्यंत मागच्या ट्रकचा ड्रायव्हर, त्याचा क्लीनर आणि दोन ट्रॅक्टरवाले खाली उतरून गोळा झाले होते. एक म्हणाला मिलिटरीची असणार, दुसरा म्हणाला रॉकेलवरची. ट्रकचा ड्रायव्हर सगळ्यांत अनुभवी. त्याने ठाम सांगितलं, "आप्याचं इंजिन बसवलंय. मी बघितलीत अशी कामं."

त्यालाही खोटं कसं म्हणायचं? कंपनीची गाडी सोडून ठिकठिकाणच्या वर्कशॉपमध्ये बुलेटच्या सांगाड्यात डिझेल इंजिनं बसवून दिली जात, अशा पुष्कळ गाड्या रस्त्यावर होत्या. शिवाय आपे रिक्षाचं जुनं डिझेल इंजिनही ग्रीव्ह्जचंच. म्हणजे घराणं त्याने बरोबर ओळखलं होतं. नगरच्या बायपासला ट्रॅफिक हवालदारांनाही हीच शंका आली, पण कागद बघून त्यांनी सोडलं. जाताना सायलेन्सरला हात लावून पाहिला, आणि चटका बसल्यावर तेच मोठ्याने हसले.

नगरनंतर इमामपूरचा घाट. तिथे टॉरस दुसऱ्या गिअरवर येते आणि मग घाई करणाऱ्याने तिच्यावर बसूच नये. पाठीमागून ऊस भरलेला ट्रॅक्टर येत होता. त्याचा आणि माझा वेग इतका जुळला की घाट संपेपर्यंत तो वाटभर गप्पा मारत होता. गप्पा म्हणजे त्याने ओरडून विचारायचं आणि मी ओरडून सांगायचं. "किती देती?" हा त्याचा पहिला प्रश्न, सरासरीबद्दल. आकडा ऐकल्यावर त्याने "विकायची का?" असं विचारलं. घाट संपल्यावर हात करून तो पुढे निघून गेला.

घोडेगावहून शनिशिंगणापूरकडे वळणाऱ्या रस्त्यावर लाकडी घाण्याच्या रसवंत्या आहेत, बैल गोल फिरतो आणि ऊस पिळला जातो. मी लांबूनच गाडी लावायला हळू केली, तर रसवंतीवाला ग्लास धुता धुता थबकला. माझ्याकडे न बघता त्याने आधी बैलाकडे बघितलं, मग रस्त्याकडे. गाडी समोर आली तसा म्हणाला, "काय राव, मला वाटलं कुणी इंजिन लावलं शेजारी!" मग त्याने हकीगत सांगितली. त्याच्या वडलांनी बैल विकून रसवंतीला छोटं डिझेल इंजिन घेतलं होतं. काम पटापट व्हायचं. पण देवाला येणारी माणसं गाडीतून उतरतात ती फिरणारा बैल बघून, म्हणून याने इंजिन काढून परत बैल आणला. "आवाज मात्र डोक्यात बसलाय बघा," तो म्हणाला. रसाचे पैसे घेईना. मी ते डब्याखाली ठेवून निघालो.

तिथून पुढे माझ्या लक्षात यायला लागलं की पुण्यात लोक या गाडीचा अंदाज डोळ्याने करतात आणि म्हणून चुकतात. डोळ्याला ती बुलेटच दिसते, मग बिघडलेली बुलेट, सजवलेली बुलेट, मिलिटरीची बुलेट असे तर्क सुरू होतात. गोदावरी जवळ येऊ लागली तसे लोक कानाने ओळखू लागले. त्यांचे अंदाजही चुकीचेच, पण प्रत्येक अंदाजात त्या माणसाचं काम आणि त्याची मेहनत दिसायची. मला हे फार मोलाचं वाटतं. कुणी तज्ज्ञासारखी माहिती दिली असती तर मला एवढा आनंद झाला नसता.

छत्रपती संभाजीनगरला मुक्काम ठरलेलाच होता. टॉरसच्या मालकांना हे शहर टाळता येत नाही. ग्रीव्ह्जचे छोट्या डिझेल इंजिनांचे कारखाने इथल्या औद्योगिक वसाहतीत आहेत, आणि जुन्या इंजिनांची नाडी ओळखणारी माणसं गल्लीबोळांत दुकान मांडून बसलेली आहेत. पुण्यात मोटारसायकलच्या दुकानात या गाडीचा सुटा भाग मागितला तर हात वर करतात. इथे मोटारसायकलच्या दुकानात जायचंच नाही, पंप-नोझलवाल्याकडे जायचं, म्हणजे इंजिनातला डिझेलचा पंप आणि डिझेल फवारणारं नोझल दुरुस्त करणाऱ्याकडे. जुन्या मोंढ्याकडच्या एका दुकानात चाचा नोझल तपासत बसले होते. गाडी बाहेर लावली तसे आतूनच म्हणाले, "आपे वाले, उधर लगाओ, रास्ता छोड़ के." बाहेर येऊन पाहतात तो दोन चाकं! चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी गाडीभोवती फेरी मारली. "अरे, ये तो अपनेच गाँव का इंजन है मियाँ. दो पहियों पे पहली बार देख रहा हूँ." त्यांनी नोझल काढून मशिनवर लावलं, फवारा बघितला, दाब जरासा वाढवला. काम अर्ध्या तासाचं, पण चहा दोनदा झाला. गल्लीतले सगळे रिक्षावाले येऊन गेले, आणि चाचा प्रत्येकाला नव्याने समजावून सांगत होते, जणू गाडी त्यांचीच.

जालन्यापर्यंतचा रस्ता सरळ आणि कंटाळवाणा. त्यापुढे समृद्धी महामार्ग वाटेत येतो. दुचाकींना त्यावर बंदी आहे, म्हणून आम्ही जुन्याच रस्त्याने. मला त्याची खंत नाही, वर एकही माणूस भेटला नसता. सिंदखेडराजाला लखुजी जाधवांचा वाडा, जिजाऊंचं जन्मस्थान. तिथे शाळेची सहल आली होती. वाडा बघून झाल्यावर पोरांनी गाडीला गराडा घातला. "हे कायची गाडी व्हय?" पासून सुरुवात झाली आणि प्रत्येक पोराला एकदा हँडल धरून तिची थरथर अनुभवायची होती. गुरुजींनी शेवटी ओळ लावून दिली.

दुसरबीडच्या पुढे एका वस्तीपाशी पाणी प्यायला थांबलो. गाडी बंद केली नव्हती. समोरच्या घरातून एक आजी बाहेर आल्या, कडेवर दळणाचा डबा. मला बघून उंबऱ्यातच थबकल्या.

"मले वाटलं गिरनी सुरू झाली," त्या म्हणाल्या.

गावातली डिझेलची गिरणी बंद होऊन पुष्कळ वर्षं झाली, आता विजेची आहे आणि तिला असा आवाज नाही. पण लाइट गेलेली होती, आजींना भाकरीला पीठ हवं होतं, आणि लांबून टकटक ऐकू आल्यावर त्यांनी सवयीने डबा उचलला होता. त्यांची सून आतून हसत होती. मला हसू आलं नाही. आजींनी डबा खाली ठेवला, मला तांब्याभर पाणी दिलं आणि विचारलं, "गिरनीवाल्याचा पोरगा व्हय का तू?" मी नाही म्हटलं. तरी त्यांनी गिरणीवाल्याचं सगळं सांगितलं: तो पहाटे इंजिन कसं तापवायचा, दुष्काळात उधार कसं दळून द्यायचा, पैशांचं नाव कसं काढायचा नाही. निघताना त्यांनी विचारलं, "उद्याही येशीन का?" दळणाची आशा होती की गप्पांची, कुणास ठाऊक. लोणारहून परतताना मी त्याच वाटेने आलो आणि थांबलो.

सुलतानपूरहून लोणार अगदी जवळ राहतं, आणि त्याच तुकड्यावर टॉरस खोकत खोकत बंद पडली. टाकीत डिझेल होतं. टाकीकडून पंपाकडे येणाऱ्या रबरी पाइपाच्या जोडातून हवा शिरली असणार, जुन्या रबराला हे दुखणं असतंच. मी पाना काढून बसलो होतो, तेवढ्यात शेजारच्या तुरीच्या शेतातून एक काका बांध ओलांडून आले. एवढ्या प्रवासात भेटलेले हे पहिलेच गृहस्थ, ज्यांनी गाडी कुठली, कशावर चालते, कितीला घेतली, काही विचारलं नाही. वाकून पंप बघितला आणि म्हणाले, "हवा धरली व्हय तिनं. पाना द्या."

मी पाना दिला. त्यांनी पंपाकडचा नट दोन आटे सैल केला, डिझेल बुडबुडे काढत वाहू लागलं, बुडबुडे थांबेपर्यंत अंगठ्याने आडोसा धरला, नट आवळला. मग नोझलचा पाइप सैल केला. "दाबा आता." मी डिकॉम्प्रेशनची, म्हणजे सिलिंडरमधला दाब सोडणारी, दांडी उचलून सावकाश किका मारल्या. पाइपातून स्वच्छ थेंब आला तसा त्यांनी तोही नट आवळला. "आता मारा जोरानं." दुसऱ्या किकेला गाडी चालू झाली.

अशी मोटारसायकल त्यांनी आयुष्यात पाहिली नव्हती, हे त्यांनीच नंतर सांगितलं. पण विहिरीवरचं त्यांचं इंजिन असंच हवा धरायचं आणि पाण्याच्या बारीत, रात्री-बेरात्री, बॅटरीच्या उजेडात त्यांनी हे काम इतक्यांदा केलं होतं की हात आपोआप चालत होते. मी आभार मानले, पैशांचा विषय काढायचं धाडस झालं नाही. ते मात्र गाडीपासून हलेनात. इंजिनाच्या डाव्या-उजव्या बाजूला वाकून काहीतरी शोधत होते. शेवटी त्यांनी त्यांचा एकुलता एक प्रश्न विचारला.

"भाऊ, याले पट्टा बसते का?"

मी म्हटलं, "काका, पट्टा कुठून बसणार? याला पुली नाही."

"पुली लावता येते," असं म्हणत त्यांनी मागचं चाक बोटाने दाखवलं. गाडी मधल्या स्टँडवर घ्यायची, टायर काढून रिमवरच पट्टा चढवायचा, चौथ्या गिअरला ठेवायची, आणि विहिरीवरचा पंप चालतो की नाही ते बघायचं. मी बराच वेळ विचार केला. पंखा नाही, गाडी उभी असताना वारा लागत नाही, इंजिन तापेल, असं म्हटलं. त्यावर त्यांनी वीस मिनिटं चालवायची, दहा मिनिटं थांबायची, असा तोडगा सांगितला आणि लोणारहून परतताना विहिरीवर यायचं आमंत्रण दिलं.