तेजोमेघाचा फोटो असताना रेडिओ कशाला?

इंदुरात आकाशदर्शनाला मृगातला तेजोमेघ दाखवून झाला की प्रश्न ठरलेला: याचे इतके देखणे रंगीत फोटो निघतात, मग त्याच ढगावर रेडिओ दुर्बीण रोखून मिळतं काय? तुम्ही विचारलंत म्हणून नीट सांगतो.

मृगाच्या बाणाखालचा तो धूसर ठिपका सुमारे १,३०० प्रकाशवर्षं दूर आहे. त्याच्या मध्यावरच्या अतितप्त ताऱ्याच्या ९१.२ नॅनोमीटरपेक्षा आखूड अतिनील किरणांनी हायड्रोजनचे इलेक्ट्रॉन सुटे होतात. सुटा इलेक्ट्रॉन प्रोटॉनजवळून जाताना वळतो आणि वळताना रेडिओ लहरी सोडतो. या लहरी धुळीतून सरळ पार होतात. फोटोवरून हिशेब करायचा तर धुळीनं किती प्रकाश गिळला हे आधी ठरवावं लागतं, आणि चूक तिथेच शिरते.

एका वारंवारतेवर मोजून मात्र भागत नाही. कमी वारंवारतेला ढग अपारदर्शक असतो, त्याची तीव्रता वारंवारतेच्या वर्गानुसार वाढते. जास्त वारंवारतेला तो पारदर्शक होतो आणि तीव्रता जवळपास सपाट राहते. मृगाच्या तेजोमेघात हे वळण १ गिगाहर्ट्झच्या आसपास येतं. वळणाअलीकडच्या मापातून वायूचं तापमान थेट निघतं, साधारण ८,००० केल्विन. पलीकडच्या मापातून ताऱ्याचा हिशेब लागतो. ५ गिगाहर्ट्झला एकूण तीव्रता सुमारे ४०० जान्स्की (रेडिओ तीव्रतेचं एकक) भरते. म्हणजे ढग तगवायला दर सेकंदाला सहावर अठ्ठेचाळीस शून्यं इतके अतिनील फोटॉन लागतात. एका ताऱ्याची ही मोजदाद आहे, आणि ती कुठल्याही फोटोपेक्षा मला जास्त सुंदर वाटते. यात अंतराचा वर्ग येतो, म्हणून अंतर १० टक्क्यांनी चुकलं तर उत्तर २० टक्क्यांनी चुकतं.

हे वळण नेमकं आपल्या जीएमआरटीच्या, म्हणजे पुणे जिल्ह्यातल्या खोडदच्या रेडिओ दुर्बिणीच्या टप्प्यात पडतं. इंदूरहून धुळे, नाशिक करत नारायणगावला उतरलं की खोडद जवळच. तिथे ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या आहेत, दोन टोकांमध्ये २५ किलोमीटर अंतर. २५० ते ५००, ५५० ते ८५० आणि १०५० ते १४५० मेगाहर्ट्झ हे पट्टे या कामाचे.

खरी गफलत मापं जुळवताना होते. तबकड्या एकमेकींच्या जितक्या जवळ, तितकी मोठी रचना पकडता येते. सर्वांत जवळच्या तबकड्यांत सुमारे १०० मीटर अंतर असल्यामुळे १४०० मेगाहर्ट्झला साधारण ७ कलांपेक्षा (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग) मोठा पसारा हरवतो, ६१० ला मात्र १७ कलांपर्यंतचा सापडतो. साहजिकच वरच्या वारंवारतेची तीव्रता खोटी कमी भरते, आलेख तीव्र उताराचा दिसतो आणि नवखा माणूस ‘इथे चुंबकीय क्षेत्रातले वेगवान इलेक्ट्रॉन आहेत’ असं लिहून मोकळा होतो. उपाय असा: तबकड्यांमधली अंतरं तरंगलांबीच्या पटीत मोजा, दोन्ही वारंवारतांना समान टप्पाच वापरा, नकाशे एकाच विभेदनाला (बारकाव्याला) आणा, मगच दोन तीव्रतांचा भागाकार करा.

दुसरी चूक उलट दिशेची. धनु राशीतल्या तेजोमेघांमागे आकाशगंगेचं आकाशच रेडिओत तापलेलं असतं. त्या गोंगाटानं दुर्बिणीचा ग्राहक (रिसीव्हर) आपली पातळी आपोआप खाली आणतो आणि तीव्रता कमी नोंदवली जाते. खगोलशास्त्रज्ञ हॅसलम यांच्या १९८२ च्या, साऱ्या आकाशाच्या ४०८ मेगाहर्ट्झच्या नकाशावरून त्या दिशेचं तापमान घेऊन दुरुस्ती करावी लागते. ३२५ मेगाहर्ट्झला ती दुपटीहून जास्त असू शकते. ती राहिली तर ढग आहे त्यापेक्षा दाट वाटतो.

सिमरोलच्या आयआयटीत खगोलशास्त्राचा विभाग असल्यानं इंदूरची बरीच मुलं आता या विषयाकडे वळतात. त्यांनी जीएमआरटीच्या संग्रहातल्या जुन्या निरीक्षणांवर हात बसवावा. आधी ३सी२८६ या प्रमाणस्रोताचा (ज्याची तीव्रता पक्की माहीत आहे अशा स्रोताचा) नकाशा काढा. १४०० मेगाहर्ट्झला तो १५ जान्स्कीच्या आसपास भरला नाही, तर खराब तबकड्या आणि मोबाइलचा व्यत्यय आलेले पट्टे काढून अंशशोधन (कॅलिब्रेशन) पुन्हा करा. तोवर तेजोमेघाला हात लावू नका.