कंटाळवाणे विषय आणि एक चहाचं दुकान

दर वर्षी पहिलं सत्र सुरू होऊन महिना झाला की हा प्रश्न येतो, आणि शब्दही जवळपास तेच असतात: "मार्केटिंग करायचं म्हणून एमबीएला आलो, पण सगळा वेळ अकाउंटिंग, संख्याशास्त्र आणि ओबीतच (ऑर्गनायझेशनल बिहेविअर, म्हणजे संस्थेतल्या माणसांचं वागणं) चाललाय. हे सक्तीचे विषय काढायचे कसे?" विचारणारा कधी इंजिनिअर असतो, त्याला ओबी म्हणजे नुसत्या गप्पा वाटतात. कधी बीकॉम झालेली मुलगी असते. जमाखर्च तिने अकरावीपासून केलेला असतो आणि रिसर्च मेथड्सच्या तासाला तिची झोप आवरत नाही. तुम्ही विचारलंत म्हणून सविस्तर लिहिते.

आधी एक थेट सांगते. पहिल्याच आठवड्यात आपल्या रोजच्या वाटेवरचं एक छोटं दुकान निवडा आणि सक्तीच्या प्रत्येक विषयाचं प्रत्येक प्रकरण त्या दुकानावर करून बघा. हजेरी, सबमिशन, गाइड या गोष्टी पेपर निघण्यापुरत्या ठीक आहेत, पण तासाला बसवत नाही ही तक्रार त्यांनी जात नाही.

हे विषय आले कुठून तेही माहीत असू द्या. १९५९ मध्ये अमेरिकेत दोन मोठे अहवाल निघाले. फोर्ड फाउंडेशनसाठीचा गॉर्डन आणि हॉवेल यांनी लिहिला, कार्नेगी कॉर्पोरेशनसाठीचा पियर्सन यांनी. व्यवस्थापनाचं शिक्षण उथळ झालंय, सगळ्यांना गणित-संख्याशास्त्र, अर्थशास्त्र आणि वर्तनशास्त्राचा पाया द्या, असा दोन्हींचा सूर होता. १९६१ मध्ये कोलकाता आणि अहमदाबादला आयआयएम सुरू झाल्या त्या एमआयटी आणि हार्वर्डच्या सहकार्याने, आणि तो साचा आपल्याकडे रुजला. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या २०१९ च्या आराखड्यात पहिल्या सत्राला मॅनेजेरियल अकाउंटिंग, ऑर्गनायझेशनल बिहेविअर, इकॉनॉमिक ॲनालिसिस, बिझनेस रिसर्च मेथड्स, बेसिक्स ऑफ मार्केटिंग आणि डिजिटल बिझनेस असे सहा जेनेरिक कोअर, म्हणजे सगळ्यांना सक्तीचे विषय होते. प्रत्येक ३ क्रेडिटचा, १०० गुणांचा, ५० अंतर्गत आणि ५० सत्रान्त परीक्षेचे. अभिमत आणि स्वायत्त संस्थांत नावं आणि गुणांची वाटणी बदलते, विषय साधारण हेच. अडचण अशी की हत्यारं पहिल्या वर्षी हातात देतात आणि ती चालवायला लाकूड, म्हणजे खरे प्रश्न, दुसऱ्या वर्षी.

म्हणून लाकूड आपणच आणायचं. पुण्यात अमृततुल्य, म्हणजे चहाचं दुकान, सोपं पडतं, कारण माल एकच, भाव पाटीवर लिहिलेला आणि गिऱ्हाईक डोळ्यांसमोर. मालकाला नफा विचारू नका, तो सांगणार नाही आणि त्याने का सांगावा? भाडं, कामगार, दुधाचा भाव एवढं गप्पांत कळतं. सकाळी ९, दुपारी १२ आणि संध्याकाळी ५ ला पंधरा-पंधरा मिनिटं उभं राहून कप मोजलेत की दिवसाचा अंदाज येतो. तिन्ही वेळा हव्यातच. नुसत्या सकाळच्या गर्दीवरून गुणाकार केला तर दिवसाची विक्री फुगते.

समजा, एक कप १२ रुपयांना. दूध, पावडर, साखर, गॅस, कागदी कप मिळून ७ रुपये. म्हणजे कपामागे काँट्रिब्युशन, भावातून हा खर्च जाऊन उरणारी रक्कम, ५ रुपये. महिन्याचं भाडं २५,०००, दोन कामगारांचे ३०,०००, वीज आणि किरकोळ ५,०००, एकूण स्थिर खर्च ६०,०००. ६०,००० भागिले ५, म्हणजे महिन्याला १२,००० कप, दिवसाला ४००. हा ब्रेक-इव्हन, म्हणजे ना नफा ना तोटा. इथपर्यंत गाइडमध्येही असतं. आता दूध महागलं आणि कपामागचा खर्च ७ चा ८ झाला असं धरा. काँट्रिब्युशन ४ उरलं, आणि ब्रेक-इव्हन १५,००० कपांवर गेला, म्हणजे दिवसाला ५००. कपामागे एक रुपया वाढला आणि रोज शंभर कप जास्त विकायची वेळ आली. दूध दोन रुपयांनी वाढलं की चहावाला इतका अस्वस्थ का होतो, ते या भागाकारात दिसतं.

आता तोच कागद इकॉनॉमिक्सच्या तासाला न्या. मालकाने भाव १३ केला तर काँट्रिब्युशन पुन्हा ५ आणि ब्रेक-इव्हन पुन्हा १२,०००. आज तो १५,००० कप विकत असेल, तर ३,००० कप गमावूनही तो होता तिथेच राहतो. भाव साधारण ८ टक्क्यांनी वाढला, मागणी २० टक्के पडली तरी चालेल. म्हणजे मागणीची लवचीकता (भाव एक टक्का वाढला की मागणी किती टक्के पडते) २.४ पेक्षा कमी असेल तोवर भाववाढ परवडते. शेजारी दुसरं अमृततुल्य आहे की नाही, समोरच्या ऑफिसच्या लोकांना दुसरीकडे जायला रस्ता ओलांडावा लागतो की नाही, यावर तो आकडा ठरतो. लवचीकतेची व्याख्या घोकणाऱ्याला हे सुचत नाही, आणि पेपरात दहा गुणांचा प्रश्न नेमका इथेच असतो.

चुका कुठे होतात तेही सांगते. कामगाराचा पगार बहुतेक जण चल, म्हणजे विक्रीबरोबर बदलणाऱ्या खर्चात टाकतात, कारण 'जास्त चहा, जास्त काम' असं वाटतं. महिन्याचा ठरलेला पगार स्थिर खर्चात जातो, कपामागे पैसे दिले तरच तो चल. विजेच्या बिलात दोन्ही असतात, स्थिर आकार वेगळा काढल्याशिवाय गणित जुळत नाही. फ्रिजचा घसारा, म्हणजे वापरामुळे किमतीत होणारी घट, स्थिर खर्चात धरायचा, पण तो रोख बाहेर जात नाही. म्हणून कॅश ब्रेक-इव्हन विचारला की तो वगळायचा. प्रश्नात कोणता विचारलाय हे न वाचताच आकडेमोड सुरू करणारे पुष्कळ.

आता त्याच दुकानाला एका ऑफिसचं खातं लावून द्या. रोज १०० कप, महिन्याचे २२ दिवस, म्हणजे महिन्याचं बिल २६,४०० रुपये. बिल महिनाअखेर, पैसे त्यानंतर ४५ दिवसांनी. पहिला पैसा हातात येईपर्यंत अडीच महिन्यांची विक्री, म्हणजे ६६,००० रुपये, बाहेर अडकते. त्यातला १२ ला ७ या प्रमाणात ३८,५०० रुपयांचा माल मालकाने स्वतःच्या खिशातून भरलेला असतो, कारण दूधवाला रोजच्या रोज पैसे मागतो. नफा-तोटा पत्रकात हा महिना छान दिसतो आणि गल्ल्यात दुधाला पैसे नसतात. वर्किंग कॅपिटलचं, म्हणजे रोजचा धंदा चालवायला लागणाऱ्या पैशाचं प्रकरण एवढ्यावर समजतं. मग पुण्याच्याच एखाद्या सूचीबद्ध कंपनीचा, म्हणजे बजाज ऑटो, भारत फोर्ज किंवा पर्सिस्टंटचा वार्षिक अहवाल त्यांच्या संकेतस्थळावरून उतरवून घ्या आणि येणी, म्हणजे गिऱ्हाइकांकडून यायचे पैसे, किती दिवसांची आहेत ते काढा. येणी भागिले वार्षिक विक्री, गुणिले ३६५. विक्री 'स्टँडअलोन'ची (एकट्या कंपनीची) आणि येणी 'कन्सॉलिडेटेड'ची (उपकंपन्या धरून) घेतली की उत्तर हमखास चुकतं.

कायद्याचा पेपर असेल तर त्या ऑफिसने दिलेला चेक परत आला असं धरा. निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्ट १८८१, कलम १३८. बँकेकडून चेक परत आल्याचं कळल्यापासून ३० दिवसांत लेखी नोटीस, नोटीस मिळाल्यापासून १५ दिवस पैसे द्यायची मुदत, ती संपली की एक महिन्यात तक्रार. मुलं १५ दिवस नोटीस पाठवल्याच्या तारखेपासून मोजतात. ते पोचल्याच्या तारखेपासून मोजायचे. कॅलेंडरवर खऱ्या तारखा टाकून एकदा केलं की पुन्हा पाठ करावं लागत नाही.

रिसर्च मेथड्सबद्दल सगळ्यांत जास्त रडगाणी ऐकू येतात, आणि शिकवण्याची पद्धत बघता मला ती पटतात. 'नल हायपोथिसिस' फळ्यावर व्याख्या म्हणून येतो आणि तिथेच मरतो. दुकानावर या. मालक म्हणतो, पावसात चहा जास्त जातो. १५ पावसाचे आणि १५ कोरडे दिवस घ्या, रोजच्या कपांचे दोन स्तंभ करा. पावसाने काही फरक पडत नाही, हा तुमचा नल. एक्सेलमध्ये टी.टेस्ट हे दोन सरासऱ्यांतला फरक तपासणारं सूत्र दोन्ही स्तंभ, मग २ आणि मग ३ मागतं. २ म्हणजे दोन्ही बाजू (विक्री वाढली की घटली) तपासा, ३ म्हणजे दोन वेगळे गट, विचरण (आकड्यांचा विखुरलेपणा) असमान. दोन्ही स्तंभांत पंधराच आकडे दिसले की मुलं ३ च्या जागी १ टाकतात, म्हणजे जोडीची चाचणी. जोडी कशी होईल? पहिल्या पावसाच्या दिवसाचा पहिल्या कोरड्या दिवसाशी काही संबंध नाही. उत्तर ०.०३ आलं तर त्याचा अर्थ असा: पावसाने खरोखर फरक पडत नसता, तर एवढा किंवा याहून मोठा फरक नुसत्या योगायोगाने दिसण्याची शक्यता शंभरात तीन. 'नल खरा असण्याची शक्यता तीन टक्के' असं लिहिलं की उत्तर चूक. शिवाय दुकान ऑफिसांजवळ असेल आणि पावसाचे दिवस नेमके शनिवार-रविवारी आले असतील, तर तुम्ही पाऊस मोजलात की सुट्टी? व्हायव्हाला, म्हणजे तोंडी परीक्षेत, हा एक प्रश्न स्वतःहून मांडलात, तर परीक्षक पुढचं लक्ष देऊन ऐकतात.

२०१९ च्या आराखड्यात तिसऱ्या सत्रात असलेलं डिसिजन सायन्स, म्हणजे निर्णय घ्यायचं गणित, तेही रांगेपासून सुरू करा. सकाळी तासाला ५० गिऱ्हाइकं येतात, एक माणूस तासाला ६० कप देऊ शकतो. एक खिडकी, येणं आणि देणं दोन्ही अनियमित, या गृहीतकावर गिऱ्हाईक सरासरी किती वेळ तिथे राहतं? १ भागिले (६० वजा ५०), म्हणजे तासाचा दहावा भाग, ६ मिनिटं. आता तासाला ५५ लोक येऊ लागले. १ भागिले ५, म्हणजे १२ मिनिटं. गर्दी दहा टक्क्यांनी वाढली आणि वेळ दुप्पट झाला. गर्दीच्या चौकात थोडी वाहनं वाढली की सगळं का तुंबतं, याचा अंदाज इथून येतो. पेपरात चूक होते ती एककांची. येणारे तासाला दिलेले असतात आणि सेवेचा वेळ मिनिटांत, दोन्ही एकाच एककात आणल्याशिवाय सूत्राला हात लावू नका.

असाइनमेंट प्रॉब्लेम (कोणाला कोणतं काम दिलं की एकूण खर्च सर्वांत कमी) मात्र हाताने दहा वेळा करण्याला पर्याय नाही. ओळीतला लहान आकडा ओळीतून वजा, मग स्तंभातला स्तंभातून, मग कमीत कमी रेघांनी शून्यं झाका. रेघा ओळींइतक्या झाल्या की वाटप. नाहीतर न झाकलेल्यांतला सर्वांत लहान आकडा न झाकलेल्या सगळ्यांतून वजा करा आणि रेघा छेदतात तिथे मिळवा. माणसं पाच आणि कामं चार असतील तर शून्यांचा एक डमी स्तंभ आधी. नफ्याचं गणित असेल तर सगळे आकडे सर्वांत मोठ्यातून आधी वजा करा. आणि शेवटचा एकूण खर्च मूळ तक्त्यातून घ्यायचा, कमी केलेल्या तक्त्यातून नव्हे. सगळं बरोबर करून शेवटच्या ओळीला गुण घालवतात ते इथेच.

ओबीबद्दल माझं मत थोडं कडक आहे. हा विषय सोपा समजून सोडतात, आणि नोकरीत पहिल्या वर्षी सगळ्यांत जास्त त्रास त्यातल्याच गोष्टींचा होतो. नावं आणि इसवी सनं घोकू नका, सिद्धांत कुठल्या माणसांवरून आला ते बघा. मास्लोच्या १९४३ च्या मूळ लेखात तो प्रसिद्ध पिरॅमिड नाहीच, तो नंतर इतरांनी काढला. हर्झबर्गचं १९५९ चं काम पिट्सबर्ग भागातल्या सुमारे दोनशे अभियंत्यांच्या आणि हिशेबनिसांच्या मुलाखतींवर उभं आहे. चाकणला कंत्राटावर काम करणाऱ्या मुलाला, किंवा आपल्या अमृततुल्यातल्या, सहा महिन्यांत सोडून जाणाऱ्या पोराला, पगार ही नुसती 'हायजीन' गोष्ट, म्हणजे नसली तर नाराजी पण असली म्हणून उत्साह नाही अशी, वाटेल का? असं विचारून लिहिलेलं उत्तर पान भरून काढलेल्या आकृतीपेक्षा जास्त गुण मिळवतं.

डिजिटल बिझनेससारख्या शब्दांच्या विषयांवर फार वेळ देऊ नका. अप्पा बळवंत चौकातल्या पुस्तकांच्या दुकानांतून मागच्या प्रश्नपत्रिका आणा, दोन संध्याकाळी बसा, पुरे. चार जणांचा गट करा, त्यात एक कॉमर्सचा आणि एक इंजिनिअर हवाच. ज्याला जे येतं ते त्याने दर आठवड्याला वीस मिनिटं बाकीच्यांना शिकवायचं. ज्याला आधीच येतं त्याचा कंटाळाही त्यातूनच जातो. हजेरीची अट ७५ टक्के असेल तर चाळीस तासांमागे दहा बुडवता येतात. ते पहिल्या महिन्यात संपवू नका, प्लेसमेंटच्या दिवसांत लागतील.

परीक्षेत वेळ गुणांनुसार वाटा. विद्यापीठाच्या २०१९ च्या पद्धतीत अडीच तास आणि ५० गुण असत. दोन गुणांचे पाच, पाच गुणांचे दोन, दहा गुणांचे तीन प्रश्न. छोट्यांना ५ मिनिटं, मधल्यांना १४, मोठ्यांना २८ दिलीत की १३७ मिनिटं होतात. उरलेली १३ सुरुवातीला खर्चू नका. त्यांत फक्त आकडेमोडीचे प्रश्न परत उघडा आणि रुपये की हजार रुपये, तास की मिनिटं, एवढं उत्तराच्या शेजारी लिहिलंय का ते बघा.