उडाली म्हणजे गेली कुठे?

दुपारची जेवणं आटोपून जरा पाठ टेकावी, अशा वेळी येणारे फोन दोनच प्रकारचे. एक, कर्ज घ्या म्हणणारे. दुसरे, "अहो, सगळं उडालं" म्हणणारे. दुसऱ्या प्रकारात आधी छातीत धस्स होतं, मग कळतं की उडालंय ते लॅपटॉपमधलं. मशीन फार रडत होतं, कुणीतरी म्हणालं रीसेट मार, मारला. तासा-दीड तासाने कोरं करकरीत विंडोज समोर आलं आणि आठ वर्षांचे फोटो काही दिसेनात.

मराठीत फाइल हरवत नाही, ती उडते. कापूर उडतो, कपड्याचा रंग उडतो, रात्रीची झोप उडते, तसा डेटा उडतो. आणि त्याआधी फॉरमॅट 'मारलेला' असतो. कणसं भरलेल्या शेतात माचाणावर बसून गोफण मारावी तसा. गोफण मारली की पाखरं उडणारच, त्यात काय विशेष! पण पाखरं उडून शेजारच्या शेतात तरी बसतात. फाइल उडते म्हणजे जाते कुठे?

साध्या, फिरत्या तबकडीच्या हार्ड डिस्कवर ती कुठेच जात नाही. विंडोज ज्या पद्धतीने डिस्क लावतं तिला एनटीएफएस म्हणतात, आणि तिच्यात तलाठ्याच्या दप्तरासारखं एक दप्तर असतं: मास्टर फाइल टेबल. दर फाइलमागे त्यात साधारण १ केबीची एक नोंद. नाव, तारखा, आणि मुख्य म्हणजे डेटा कुठल्या कुठल्या गटात पडला आहे ते. हे गट म्हणजे क्लस्टर, बहुधा ४ केबीचे. फाइल डिलीट केली की त्या नोंदीवर 'आता वापरात नाही' अशी खूण होते आणि तिचे गट मोकळे म्हणून जाहीर होतात. एवढंच. सातबाऱ्यावरून नाव कमी झालं, पण जमीन आहे तिथेच, पीकही उभं. धोका पुढे आहे. मोकळी जमीन दिसली की दुसरा कुणीतरी नांगर घालतो.

तर आधी फाइल खरंच उडाली आहे का, ते पाहावं. निम्म्या वेळा ती नुसती दुसऱ्या खोलीत असते. रीसेट करताना विंडोज दोन पर्याय देतं, 'कीप माय फाइल्स' आणि 'रिमूव्ह एव्हरीथिंग'. पहिला निवडला असेल तर डॉक्युमेंट्स, पिक्चर्स, डेस्कटॉप वगैरे जागेवर राहतात, प्रोग्राम मात्र जातात. गेलेल्यांची यादी डेस्कटॉपवर एका फाइलमध्ये मांडून ठेवलेली असते, मयताच्या अंगावरचे दागिने मोजून द्यावेत तशी. पेन ड्राइव्हवरून विंडोज नव्याने टाकताना डिस्क फॉरमॅट केली नसेल, तर जुना संसार पुढे सांगितलेल्या 'विंडोज डॉट ओल्ड'मध्ये जुन्याच नावाच्या फोल्डरात पडून असतो. वनड्राइव्ह, म्हणजे मायक्रोसॉफ्टची इंटरनेटवरची कोठी, चालू होतं का, तेही बघावं. ते चालू असलं की डेस्कटॉप हा खरा डेस्कटॉप नसतो, वनड्राइव्हच्या पोटातला असतो, आणि त्याच ईमेलने साइन इन केल्याशिवाय तो तोंड दाखवत नाही.

मग सी ड्राइव्हमध्ये 'विंडोज डॉट ओल्ड' नावाचा फोल्डर शोधावा. जुनं विंडोज, जुन्या युजरसकट, त्यात गुंडाळून ठेवलेलं असतं. उघडताना परवानगी नाही म्हणून कुरकुर करतो, 'कंटिन्यू' म्हटलं की गप्प बसतो. याला मुदत आहे: विंडोज १० आणि ११ मध्ये साधारण १० दिवस. सुतकाइतकी. त्यानंतर जागा मोकळी करण्याच्या नावाखाली विंडोज तो स्वतःच काढून टाकतं. जाता जाता 'डिस्क क्लीनअप' चालवून हा फोल्डर आपल्या हाताने पुसणारे महाभागही असतात. तेही नेमके डेटा शोधायला बसलेले असताना.

या फोल्डरात लोक डॉक्युमेंट्स पाहतात आणि परत फिरतात. खरी चीजवस्तू असते 'ॲपडेटा'मध्ये, आणि तो लपलेला असतो. 'व्ह्यू'मध्ये जाऊन 'हिडन आयटम्स'वर खूण केल्याशिवाय दिसत नाही. 'कीप माय फाइल्स'ने न ठेवलेल्या गोष्टी त्यात सापडतात: क्रोमचे बुकमार्क, जुन्या आउटलुकची टपाल-फाइल, आणि त्या पिवळ्या चिठ्ठ्या. स्टिकी नोट्सवर लोक काय काय लिहून ठेवतात! बँकेच्या लॉकरचा नंबर, गॅसची तारीख, कुणाला किती उसने दिले. या सगळ्या चिठ्ठ्या मिळून एकच फाइल असते, 'प्लम डॉट एसक्यूलाइट' नावाची. आलुबुखार हे नाव तिला का दिलं असावं देव जाणे. तिच्या शेजारी त्याच नावाची, शेवटी 'वॉल' लावलेली आणखी एक असते. कॉपी करताना दोन्ही घ्यायच्या. ताज्या नोंदी बहुधा त्या दुसरीतच असतात, आणि एकटी पहिली उचलली की शेवटच्या आठ-दहा चिठ्ठ्या गायब.

'रिमूव्ह एव्हरीथिंग' दाबलं असेल तर गोष्ट वेगळी. तिथेही एक पोटप्रश्न विचारलेला असतो: फक्त विंडोजचा ड्राइव्ह पुसू की सगळे? आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले आहेत, "डी मध्ये टाक, डीला काही होत नाही." या श्रद्धेवर अख्खी दुकानं चालली. पण पुष्कळ मशीनमध्ये डी म्हणजे त्याच डिस्कवर मध्ये पार्टिशन घालून केलेली खोली, आणि 'सगळे' म्हटलं की डी सुद्धा जातो. शिवाय 'क्लीन डेटा'चा पर्याय चालू केला असेल तर विंडोज नुसत्या नोंदी खोडत नाही, जमीनच नांगरतं. पूर्ण फॉरमॅटचंही तेच. विंडोज व्हिस्टापासून पुढे पूर्ण फॉरमॅट अख्ख्या डिस्कवर शून्यं लिहितो. 'क्विक फॉरमॅट'ची खूण काढली नसेल तर नशीब म्हणायचं.

आणि सगळ्यात मोठा शत्रू? नवं विंडोज. ते स्वतः वीसेक जीबी जागा खातं, मग अपडेट्स, मग ब्राउझर, मग हौसेने टाकलेला वॉलपेपर. सगळं त्याच मोकळ्या झालेल्या जमिनीवर.

कॅसेटचा जमाना पाहिलेल्यांना हे वेगळं सांगायला नको. घरात एक कॅसेट असायची, तिच्यावर धाकट्याच्या बारशाचं रेकॉर्डिंग. बायकांचा गलबला, 'कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या', मध्येच आजीचा खोकला. आणि एका रविवारी थोरल्याने रेडिओवरची गाणी टेप करायला नेमकी तीच कॅसेट घातली. लाल बटण दाबलं की टेपरेकॉर्डर आधी पुसायचा आणि मग लिहायचा. वीस मिनिटं गाणी. आणि शेवटच्या गाण्याचा सूर विरतो ना विरतो तोच एकदम आजी खोकायची. त्याच्या पुढचं बारसं शाबूत. म्हणून शहाण्या घरात महत्त्वाच्या कॅसेटच्या पाठीवरची प्लॅस्टिकची बारीक चकती मोडून टाकत. ती मोडली की लाल बटण दबतच नसे. आणि त्या भोकावर चिकटपट्टी लावून पुन्हा टेप करणारं कार्टंही त्याच घरात असे.

डिस्कवर हाच खोकला ऐकू येतो. परत मिळवलेला फोटो उघडावा, तर वर मांडव, झेंडूची तोरणं, नवरीचं कपाळ, डोळे, आणि नाकाखाली सपाट करडा रंग. तिथून पुढचे गट नव्या विंडोजने घेतले. नवरी कोण ते कळतं, हसत होती का ते कळत नाही.

म्हणून पहिलं काम, मशीन बंद. रिकव्हरीचा प्रोग्राम त्याच मशीनवर उतरवून घ्यायचा नाही. तो उतरतो तोही त्याच जमिनीवर. डिस्क काढावी, शे-पाचशे रुपयांच्या यूएसबी अडॅप्टरने दुसऱ्या मशीनला लावावी. जोडल्यावर विंडोज 'फॉरमॅट करू का?' किंवा 'दुरुस्त करू का?' असं आपुलकीने विचारतं, त्याला नाही म्हणावं. डिस्क टक्‌टक् वाजत असेल तर पुढचं काहीच घरी करू नये. ते काम धूळ नसलेल्या खोलीत डिस्क उघडणाऱ्यांचं. वाजत नसेल तर तिची इमेज, म्हणजे जशीच्या तशी नक्कल, तेवढ्याच किंवा मोठ्या डिस्कवर घ्यावी आणि सगळी खोदाखोद त्या इमेजमध्ये. सापडलेलंही तिसरीकडेच ठेवावं.

अवजारं पुष्कळ आहेत. रेक्युवा सोपं. मायक्रोसॉफ्टचं स्वतःचं 'विंडोज फाइल रिकव्हरी' २०२० साली आलं, फुकट आहे, पण काळ्या खिडकीत हुकूम टाइप करावे लागतात. दप्तरातल्या नोंदी वाचता आल्या तर नावं, फोल्डर, तारखा सगळं परत मिळतं. दप्तरच नवं झालं असेल तर फोटोरेक. हे नोंदी बघतच नाही. डिस्क पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचत जातं आणि फाइलचा चेहरा ओळखतं: जेपीईजीची सुरुवात ठरलेल्या तीन बाइट्सनी होते, वर्डच्या आताच्या फाइलची 'पीके' या अक्षरांनी. ती झिप पद्धत काढणाऱ्या फिल कॅट्झची आद्याक्षरं. चेहरा सापडतो, नाव नाही. फाइलला नुसता नंबर मिळतो. 'फायनल', 'फायनल २' आणि 'अगदी फायनल' या तिघी एका रांगेत, आता ओळखा. आणि फोटोंच्या ढिगात ब्राउझरने साठवलेली हजारो चिटुकली चित्रं आणि तांबड्या सूर्यासकटचे शुभ सकाळचे संदेश. तेवढे मात्र एकूण एक, कोपराही न दुमडता परत येतात.

हे सगळं तबकडीच्या डिस्कचं. एसएसडीवर, म्हणजे तबकडीऐवजी चिपवर साठवणाऱ्या नव्या डिस्कवर, मात्र मराठी क्रियापद खरं झालं, तिथे फाइल खरंच उडते. विंडोज ७ पासून फाइल पुसली की विंडोज एसएसडीला कळवतं, हे गट आता नकोत. याला ट्रिम म्हणतात. मग एसएसडी आपल्या सवडीने ते साफ करते, आणि त्याआधीही बहुधा तिथे वाचायला गेलं की शून्यंच हाती देते. शिवाय बिटलॉकर, म्हणजे डिस्कवरचा मजकूर कुलपात ठेवणारी विंडोजची सोय, चालू असेल आणि रीसेटमध्ये जुनी चावी गेली असेल, तर उरलेसुरले बाइट्सही नुसता कचरा. ४८ आकडी रिकव्हरी की कुठे लिहून ठेवली होती म्हणता? बहुधा त्या पिवळ्या चिठ्ठीवर.

एक गंमत खास आपल्याकडची. फाइल सापडते, उघडते, आणि आत इंग्रजी अक्षरं, कंस, टक्क्यांची चिन्हं यांचा चिवडा. लोक करप्ट म्हणून ती पुन्हा पुसतात. अहो, ती श्रीलिपीतली किंवा कृतिदेवमधली असते! मजकूर ठणठणीत आहे, फॉन्ट तेवढा रीसेटमध्ये गेला. पत्रिका, अहवाल, कुणाच्या वडिलांचं टाइप करून घेतलेलं आत्मचरित्र, सगळं असल्या चिवड्यात पडून असतं. 'विंडोज डॉट ओल्ड'मधल्या विंडोजच्या फॉन्ट्समध्ये डोकवावं, नाहीतर फॉन्ट पुन्हा टाकावा, की अक्षरं एकदम उभी राहतात.

बाकी काम म्हणजे वाट बघणं. १ टीबीची डिस्क सेकंदाला १०० एमबीने वाचली तरी पावणेतीन तास, आणि जुन्या यूएसबीला लावली तर त्याच्या तिप्पट. दहाव्याला पिंड ठेवून सगळे जरा लांब उभे राहतात, तसे घरचे पडद्यापासून दोन हातांवर. कावळा येतो, फांदीवर बसतो, मान तिरकी करतो, शिवत नाही. आकडा ८७ टक्क्यांवर अडलेला. घाटावर अशा वेळी कुणीतरी पुढे होऊन मोठ्याने शब्द देतं, धाकटीचं लग्न आम्ही लावू, काळजी नको. इथेही देतात. "आता दर रविवारी बॅकअप घेईन. वेगळी डिस्क आणेन. उद्याच आणतो."

आकडा ८८ होतो. अजून तास-दीड तास आहे, चहा टाकायला हरकत नाही.