कोश म्हणून वाचली, तेव्हा कुठे लागली

मिलोराद पाविच या सर्बियन लेखकाची ‘डिक्शनरी ऑफ द खझार्स’ ही 1984 सालची कादंबरी मी दोनदा अर्ध्यात टाकली. दोन्ही वेळा ठाणे-पनवेल गाडीत. आता कळतंय, मी ती पहिल्या पानापासून ओळीने वाचत होते, तिथेच फसले.

ही कादंबरी कोशाच्या रूपात आहे. खझार नावाचे लोक खरोखर होते; काळा समुद्र आणि कॅस्पियनच्या मधल्या पट्ट्यात त्यांचं राज्य होतं. कादंबरीत त्यांच्या राजाला, म्हणजे कागानला, स्वप्न पडतं. अर्थ लावायला तो एक ख्रिस्ती साधू, एक दरवेशी आणि एक ज्यू रब्बी बोलावतो. ज्याचं पटेल त्याचा धर्म घ्यायचा. पुस्तकात तीन धर्मांचे तीन कोश आहेत: लाल सांगतो खझार ख्रिस्ती झाले, हिरवा म्हणतो मुसलमान, पिवळा म्हणतो ज्यू. निकाल कुणीच देत नाही.

ऐरोलीला नवव्या शतकातली राजकन्या, घणसोलीला सतराव्या शतकातला सरदार, आणि कोपरखैरणेपर्यंत कोण कुणाच्या स्वप्नात आहे याचा पत्ता नाही. मागच्या कोऱ्या पानावर मी नावांची यादी केली, बाण काढले. बाणांचाच गुंता झाला.

पुस्तक कपाटात गेलं. मग ऋषिपंचमीच्या आदल्या दिवशी नौपाड्याला माहेरी होते. बैलाच्या कष्टाचं त्या दिवशी का खात नाहीत, असं भाचीने विचारलं, म्हणून आजोबांनी घेतलेला महादेवशास्त्री जोशींचा ‘भारतीय संस्कृतिकोश’ काढला. ऋषिपंचमीवरून अरुंधती, अरुंधतीवरून वसिष्ठ, तिथून विश्वामित्र. अर्ध्या तासाने जमिनीवर चार खंड उघडे, भाची केव्हाच पळालेली आणि आई आतून ओरडतेय, “अगं मिळालं का? भाजी चिरून झालीसुद्धा!”

लहानपणापासून कोश असाच तर वाचत आलेय मी. मग त्या कादंबरीलाच वेगळा न्याय का?

तिसऱ्या खेपेला एकच नाव धरलं: राजकन्या अतेह. ती तिन्ही कोशांत आहे, आणि अशा नोंदींना त्रिकोणाची खूण आहे. लग्नपत्रिका कापून लाल, हिरव्या, पिवळ्या खुणा केल्या आणि तिन्ही अतेह पाठोपाठ वाचल्या. झोपताना तिच्या दोन्ही पापण्यांवर एकेक अक्षर असतं. वाचणारा तत्काळ मरतो, म्हणून ती अक्षरं आंधळ्यांकडून लिहून घेतलेली. सकाळी दासी डोळे मिटून तिची सेवा करतात. पुढे कुणीतरी तिच्यासाठी दोन आरसे आणतं, एक वेगवान आणि एक संथ. एक थोडं पुढचं दाखवतो, दुसरा थोडं मागचं. समोर धरल्यावर दोन्हींत तिला स्वतःच्या मिटलेल्या पापण्या दिसतात. तुर्भे आलं गेलं, मला कळलंही नाही; चांगली सीवूड्सला भानावर आले.

त्यानंतर नोंद नेईल तिकडे गेले. एक नोंद म्हणजे दोन-तीन स्टेशनं. स्वप्नांची शिकार करणाऱ्यांच्या नोंदी मी दोनदोनदा वाचल्या. सगळंच आवडलं असं नाही. 1982 सालच्या इस्तंबूलमधल्या हॉटेलातलं प्रकरण मला ओढूनताणून आणलेलं वाटलं. त्यापेक्षा पापण्यांवरची अक्षरं जास्त खरी वाटतात.

आणखी एक गंमत. या कादंबरीच्या पुरुष आणि स्त्री अशा दोन आवृत्त्या आहेत, फरक एका परिच्छेदाचा. मला तो विक्रीसाठीचा चावटपणा वाटला होता. माझ्याकडे निघाली पुरुष प्रत, मुलुंडच्या मावसभावाकडे स्त्री प्रत. एका संध्याकाळी तलावपाळीला बाकावर बसून मोबाईलच्या उजेडात दोन्ही परिच्छेद मोठ्याने वाचले. एक पुरुष पिस्तूल घेऊन आलेल्या एका बाईच्या हातात कागद देतो, एवढाच प्रसंग. मावसभावाच्या प्रतीत कागद देताना अंगठ्याला अंगठा लागतो आणि ती शहारते. माझ्या प्रतीत तसं काहीच नाही.

“ताई, तुझी बाई फारच कोरडी निघाली,” तो म्हणाला.

“कोरडी नाही रे. तिचं लक्ष पिस्तुलाकडे आहे.”

यावरून भेळ संपेपर्यंत वाद झाला. त्याची प्रत आठवडाभर मागितली तर देईना. म्हणे, आधी स्वतःची पुरी कर. पिवळ्या कोशातल्या चार नोंदी माझ्या अजून राहिल्यात, हे त्याला माहीत होतं.