पंट उजवीकडे मारायचा होता

लिंकन, नेब्रास्का
रविवार, ११ सप्टेंबर २०२२

दुपारी बातमी आली, नेब्रास्का विद्यापीठाच्या अमेरिकन फुटबॉल टीमचा मुख्य कोच स्कॉट फ्रॉस्टला काढलं. काल रात्री घरच्या मैदानावर जॉर्जिया सदर्नकडून ४५-४२ असे हरलो, तेव्हाच हे अटळ झालं होतं. तरी आजच होईल असं वाटलं नव्हतं. १ ऑक्टोबरपर्यंत थांबले असते तर त्याला द्यायची भरपाई दीड कोटी डॉलरवरून ७५ लाखांवर येणार होती. म्हणजे तीन आठवडे लवकर काढण्यासाठी ७५ लाख जास्तीचे मोजले. माझ्या मते बरंच केलं. आणखी तीन आठवडे त्या पोरांना तसंच मैदानात ढकलणं मला बघवलं नसतं.

कालचा सामना अजून डोक्यातून जात नाही. ज्या छोट्या टीमला आपणच १४ लाखांहून जास्त डॉलर देऊन खेळायला बोलावलं, तिने आमच्याविरुद्ध बॉल ६४२ यार्ड पुढे नेला. ४०९ पासवर, २३३ धावून. मेमोरियल स्टेडियमवर ३५ किंवा त्याहून जास्त गुण केल्यावर नेब्रास्का कधीच हरली नव्हती, २१४ सामन्यांत एकदाही नाही. काल ४२ करून हरलो. ३६ सेकंद उरली असताना त्यांचा क्वार्टरबॅक, म्हणजे हल्ला चालवणारा खेळाडू, स्वतःच बॉल घेऊन एंड झोनमध्ये (गोलरेषेपलीकडच्या पट्ट्यात) शिरला, म्हणजेच टचडाउन. मग ५२ यार्डांवरून खांबांमधून मारायचा आमचा फील्ड गोल हुकला आणि संपलं.

आमच्या पुढच्या रांगेत एक आजोबा बसतात. वडिलांकडून आलेली सीझन तिकिटं आहेत त्यांची. काल सामना संपल्यावर त्यांनी आपल्या टीमची लाल टोपी काढली, घडी करून खिशात घातली आणि नातवाला म्हणाले, "चल, गाडी लांब लावली आहे." बाकी एक शब्द नाही. कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर पेठेची टीम अशी हरली असती तर गॅलरीतून काय काय ऐकू आलं असतं! मी त्यातच वाढलो, आणि काल त्या आरडाओरड्याची फार आठवण आली. निदान पोटातलं बाहेर तरी पडतं.

सकाळी दादाचा फोन होता. म्हणाला, "कॉलेजची पोरं खेळतात, त्याचं एवढं काय मनाला लावून घेतोस?" त्याला सांगितलं, दादा, या राज्यात व्यावसायिक टीमच नाही. जे काही आहे ते हेच. लोकसंख्या वीस लाखांच्या आतबाहेर, आणि सामन्याच्या दिवशी स्टेडियम भरलं की ओमाहा आणि लिंकननंतर राज्यातली सगळ्यात मोठी वस्ती तिथेच असते. १९६२ पासून घरचा एकही सामना असा नाही की तिकिटं उरली. पराभवाच्या वर्षांतही नाहीत. असे लोक पाठीशी असताना कोचिंग हे असं?

फ्रॉस्ट आला तेव्हाचा आनंद मात्र खरा होता. वुड रिव्हरसारख्या छोट्या गावात वाढलेला मुलगा. १९९७ साली आपले कोच टॉम ऑस्बॉर्न यांच्या शेवटच्या मोसमात हाच क्वार्टरबॅक होता आणि राष्ट्रीय विजेतेपद मिळालं होतं. २०१७ मध्ये कोच म्हणून त्याने सेंट्रल फ्लोरिडाला एकही सामना न हरता १३-० नेलं. त्या आधी नऊ-नऊ सामने जिंकून देणारे फ्रँक सॉलिच आणि बो पेलिनी या कोचना आपण घरी पाठवलं होतं, मग माइक रायली यांच्या हाताखाली ४-८ वर आलो. अशा वेळी घरचा मुलगा परत येतोय म्हटल्यावर कोण खूश होणार नाही? पहिल्या सामन्यात नुसता किकऑफ झाला आणि विजा कडाडू लागल्या, सामनाच रद्द झाला. लोक त्यावरही हसले होते. त्यानंतर लागोपाठ सहा हरलो.

१६ विजय, ३१ पराभव. हे आकडे वाईटच आहेत, पण मला छळतो तो दुसरा हिशोब. आठ किंवा त्याहून कमी गुणांच्या फरकाने संपलेल्या सामन्यांत ५ विजय आणि २२ पराभव. नशीब वाईट असलं तरी इतकं एकाच बाजूला झुकत नाही. गेल्या वर्षी तर ३-९ झालो आणि नऊच्या नऊ पराभव एक आकडी फरकाचे. वर्षभराचे गुण मोजले तर आपण केलेले गुण खाल्लेल्या गुणांपेक्षा जास्त होते! नॉर्थवेस्टर्नला ५६-७ असं हरवलं होतं. पोरांत कस होता, यात मला अजिबात शंका नाही.

मिशिगन स्टेटचा सामना घ्या. दुसऱ्या हाफमध्ये आपल्या डिफेन्सने त्यांना एकही फर्स्ट डाउन (चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे जाणं) मिळू दिला नाही. अख्ख्या हाफमध्ये त्यांचे मिळून १४ यार्ड. आपण २०-१३ ने पुढे, चार मिनिटांच्या आत खेळ उरलेला, फक्त पंट, म्हणजे लाथेने बॉल लांब त्यांच्याकडे, मारून द्यायचा होता. ठरलं होतं उजवीकडे. आपली सगळी पोरं उजवीकडे धावली आणि बॉल गेला डावीकडे. त्यांच्या माणसाने तो घेतला आणि ६२ यार्ड पळत गेला, अंगावर जायला त्या बाजूला कोणी नव्हतंच. ओव्हरटाइममध्ये २३-२० ने गेला सामना. त्या पोरांनी अर्धा तास जीव तोडून जे राखलं होतं ते एका पंटमध्ये गेलं.

हे एकदाच झालं असतं तर मी विसरलो असतो. इलिनॉयविरुद्ध आपल्याच गोललाइनजवळ पंट धरला आणि त्यातून सेफ्टी, म्हणजे त्यांना दोन गुण, देऊन बसलो, वर टचडाउननंतरच्या किकचे दोन एक्स्ट्रा पॉइंट हुकले. ओक्लाहोमाविरुद्ध एक्स्ट्रा पॉइंट अडवला गेला आणि त्यांनी तोच पळवत नेऊन उलट दोन गुण घेतले. आयोवाविरुद्ध २१-६ ने पुढे होतो; पंट ब्लॉक झाला, त्यावर टचडाउन आणि २८-२१ ने हार. स्पेशल टीम्समध्ये, म्हणजे किक आणि पंटच्या खेळात, कोचची मेहनत जशीच्या तशी दिसते. कोणी कुठे उभं राहायचं, कोणी कोणाला अडवायचं, बॉल धरायचा की सोडून द्यायचा, हे आठवडाभर घोटून घ्यावं लागतं. चुकलेल्या पोरांची नावं मी घेणार नाही. वीस-एकवीस वर्षांची मुलं ती.

गेल्या नोव्हेंबरात फ्रॉस्टला ठेवलं, पगार कमी केला आणि ऑफेन्सच्या चार सहाय्यक कोचना घरी पाठवलं. ते मला तेव्हाच पटलं नव्हतं. वरचा तसाच राहिला आणि हाताखालच्यांच्या नोकऱ्या गेल्या. आणि मग दोन आठवड्यांपूर्वीचं आयर्लंडमधलं डब्लिन. नॉर्थवेस्टर्नविरुद्ध २८-१७ ने पुढे, तिसरा क्वार्टर, सगळं हातात. तिथे ऑनसाइड किक, म्हणजे बॉल परत आपल्यालाच मिळावा म्हणून मारलेली आखूड किक, कशाला? बॉल त्यांना मिळाला, अर्धं मैदान आयतं मिळालं, त्यांनी टचडाउन केला आणि ३१-२८ ने आपण हरून विमानात बसलो. एवढ्या लांब, पदरचे पैसे खर्चून गेलेले लोक होते तिथे, निम्मं स्टेडियम लाल दिसत होतं.

राग आहे, पण फ्रॉस्टबद्दल वाईटही वाटतंय. या गावात त्याचं नाव घेतलं की लोकांचे डोळे चमकायचे, आता तसं होणार नाही. त्या जुन्या प्रेमापोटीच चार वर्षं त्याला कोणी जाब विचारला नाही. दुसऱ्या कुणाला ०-६ सुरुवातीनंतर, सलग चार तोट्याच्या मोसमांनंतर पाचवा मोसम मिळाला असता? क्रीडा विभागाचे प्रमुख ट्रेव्ह अल्बर्ट्स स्वतः इथलेच जुने खेळाडू आहेत. नवा कोच निवडताना त्यांनी कोण कधी कुठल्या जर्सीत खेळलं ते बाजूला ठेवावं, आणि सामन्याच्या शेवटच्या पाच मिनिटांत डोकं शांत ठेवणारा माणूस आणावा. बाहेरचा असला तरी चालेल. बाहेरचाच असावा, असं मी म्हणेन.

तोवर मिकी जोसेफकडे टीम आहे. तोही इथलाच जुना क्वार्टरबॅक, आणि या विद्यापीठात कुठल्याही खेळाचा पहिला कृष्णवर्णीय मुख्य कोच. शनिवारी सकाळी अकराला ओक्लाहोमा येतंय, आणि त्याच्या हातात जेमतेम पाच दिवसांचा सराव. जिंकू असं वाटत नाही. पण टॅकल तरी नीट व्हावेत. काल त्यांच्या धावणाऱ्यांना पहिल्या हाताला कोणी पाडतच नव्हतं. निदान तेवढं या आठवड्यात सुधारून घ्या.