मॅगझिन बदलताना

आमच्या घरात ‘मॅगझिन बदलणे’ या शब्दांना कित्येक वर्षे एकच अर्थ होता. आईने वाचून संपवलेला अंक कापडी पिशवीत घालायचा, संध्याकाळी कोपऱ्यावरच्या सर्क्युलेटिंग लायब्ररीत जायचे आणि शेजारच्या काकूंच्या हाती पडण्याआधी नवा अंक पटकावून घरी यायचे. त्यामुळे धाकट्या भावाने एकदा बाहेरच्या खोलीतून, “थांब, मॅगझिन बदलतोय, आता मारतील मला!” असा आरडाओरडा केला तेव्हा आईने पोळी तव्यावर तशीच सोडून विचारले, “लायब्ररीत कुणाशी भांडून आलास रे?”

तो तेव्हा ओमाहा बीचवर होता. तारीख ६ जून १९४४, दुसऱ्या महायुद्धात दोस्त सैन्य फ्रान्सच्या किनाऱ्यावर उतरले तो दिवस, स्थळ नॉर्मंडी, आणि ते सारे आमच्या एकवीस इंची टीव्हीवर चालले होते. खेळाचे नाव ‘मेडल ऑफ ऑनर: फ्रंटलाइन’. प्लेस्टेशन २ साठी तो २००२ मध्ये आला. आमच्याकडे मात्र दोन-तीन वर्षे उशिरा, भावाच्या मित्राने वापरून झालेल्या यंत्रासोबत आला. या मालिकेचा पहिला खेळ १९९९ चा, आणि तिची मूळ कल्पना चित्रपट दिग्दर्शक स्टीव्हन स्पीलबर्ग यांची. ‘फ्रंटलाइन’चा नायक जिमी पॅटरसन नावाचा अमेरिकी लेफ्टनंट असतो, पण तो आपल्याला दिसत नाही, कारण आपण त्याच्याच डोळ्यांनी पाहत असतो. पडद्याच्या खालच्या बाजूने त्याचे हात आणि हातातली बंदूक तेवढी पुढे आलेली असते. बाकीचा देह आपण द्यायचा.

तो देण्यात मी फार कमी पडलो. या खेळात डाव्या अंगठ्याखालची दांडी म्हणजे पाय आणि उजव्या अंगठ्याखालची दांडी म्हणजे मान. चालणे आणि पाहणे ही दोन कामे आपण जन्मभर एकत्रच करत आलेलो असतो, ती एकमेकांपासून सुटी करून दोन अंगठ्यांना वाटून दिली की माणसाचे काय होते, ते त्या खोलीत बसलेल्यांनी पाहिले आहे. होडीवर तोफगोळा पडे, मी पाण्यात जाई, वर येई, भोवती माणसे कोसळत असत, कप्तान गळा फाडून हाका मारत असे, आणि मी देवळाच्या कळसाकडे पाहणाऱ्या यात्रेकरूसारखा वर पाहत, बाजूबाजूने सरकत एखाद्या लोखंडी अडथळ्यावर जाऊन आपटत असे. नॉर्मंडीचे राखाडी आकाश मला जितके पाठ आहे तितके ते प्रत्यक्ष लढलेल्या कोणाला नसावे. भाऊ म्हणायचा, “दादा, लढाई खाली आहे.”

हळूहळू मान ताब्यात आली आणि मग खरी अडचण कळली, ती मॅगझिनची, म्हणजे बंदुकीतल्या गोळ्यांच्या डबीची. अमेरिकी पायदळाची एम१ गॅरंड ही रायफल आठ गोळ्यांची. आठवी सुटली की त्या गोळ्या धरून ठेवणारी पत्र्याची रिकामी क्लिप वर उडते आणि ‘टिंग’ असा एक स्वच्छ, जवळजवळ सुरेल आवाज होतो. त्या आवाजावरून जर्मन सैनिक ओळखत की समोरच्याची बंदूक रिकामी झाली आहे, आणि नेमके तेव्हाच उठून गोळी घालत, अशी एक दंतकथा सांगतात. खऱ्या रणधुमाळीत तो आवाज पन्नास पावलांवर ऐकू येईल यावर माझा विश्वास नाही. आमच्या बैठकीत मात्र तो कुकरच्या शिट्टीवरूनही ऐकू येई, आणि त्यानंतरची दोनेक सेकंदे फार वाईट जात. पडद्यावरचे हात शांतपणे नवी क्लिप बसवत असत. त्या हातांना घाई म्हणून ठाऊक नसे. समोरचा शत्रू नेम धरतो आहे हे आपल्याला दिसते आहे, बोट चापाच्या बटणावर पांढरे पडले आहे, आणि ते हात आपले काम रेशनच्या दुकानातल्या कारकुनाच्या निवांतपणे करत आहेत. टॉमी गन, म्हणजे थॉम्पसन, हाती आली की तीस गोळ्यांमुळे सुरुवातीला श्रीमंती वाटे. पण ती बंदूक इतकी उधळी की तीस गोळ्या महिन्याच्या पहिल्या आठवड्यातल्या पगारासारख्या संपत, आणि पुन्हा तेच हात, तीच सावकाशी.

मला हा खेळ आवडू लागला तो या सावकाशीमुळेच, असे आता वाटते. नेम धरणे ही हुशारी थोड्या सरावाने येते. पण आपल्याकडे किती उरल्या आहेत हे मनात मोजत राहणे, आडोसा सोडण्याआधी बंदूक भरून घेणे आणि सहा गोळ्या झाल्या की सातवीचा मोह आवरणे यासाठी वेगळाच स्वभाव लागतो. तो आमच्या घरात, गॅसचा सिलिंडर उचलून त्याच्या वजनाचा अंदाज घेणाऱ्या आईकडे, भरपूर होता. तिने कधी हातात रिमोट घेतला असता तर आम्हा दोघांच्या आधी बर्लिन गाठले असते.

जखमांचेही तसेच. अलीकडच्या खेळांत गोळी लागली तर क्षणभर आडोशाला बसायचे, की प्रकृती आपोआप ठीक होते. २००५ च्या ‘कॉल ऑफ ड्यूटी २’ नंतर युद्धाच्या खेळांत ही रीतच पडून गेली. ‘फ्रंटलाइन’मध्ये बसून राहिले तर माणूस जखमीच राहतो. पाण्याची बाटली किंवा औषधाची पेटी शोधावी लागते. एखाद्या तळघरात, फडताळाशेजारी ती हिरवट बाटली दिसल्यावर जो आनंद होतो, तो गावी उन्हातून आल्यावर माठ दिसतो तेव्हाच्या आनंदाहून वेगळा नाही.

आणि हे सगळे केवढ्या जागेत? प्लेस्टेशन २ ची मुख्य मेमरी ३२ मेगाबाइटची. आज फोनवरचे पाच-सात फोटो तेवढी जागा खातात. तेवढ्यात समुद्र, किनारा, बंकर, धूर आणि माणसे बसवायची म्हणजे एका खोलीत लग्नाचे वऱ्हाड उतरवण्यासारखेच होते. म्हणून दूरचे सारे धूसर असते, एका वेळी थोडीच माणसे समोर येतात, आणि पडलेला सैनिक थोड्या वेळाने विरून जातो, कारण पुढच्याला जागा हवी असते. पहिल्यांदा मला हे सोयीचे वाटले होते. नंतर आर्नहेमचा भाग आला. सप्टेंबर १९४४ मध्ये हॉलंडमधल्या या गावाभोवती हवाई छत्र्यांतून आणि ग्लायडरमधून ब्रिटिश सैन्याचे साधारण दहा हजार जवान उतरले आणि ऱ्हाईन ओलांडून परतले ते जेमतेम चौथा हिस्सा. खेळात त्या उद्ध्वस्त गल्ल्यांतून आपण चालतो तेव्हा मायकेल जियाकिनो यांचे संगीत वाजते, आणि त्यात वीरश्री औषधालाही नसते. सगळा विलापाचा सूर असतो. गल्लीत कोणीही पडलेले दिसत नाही, सगळे विरून गेलेले, आणि तो सूर मात्र कुणासाठी तरी चाललेला. तिथे भाऊसुद्धा गप्प बसून खेळे.

मॅगझिनचा विषय माझ्या डोक्यात पक्का बसला तो मात्र यानंतर, आणि तो या खेळातून नव्हे. मुंबई-गोवा रस्त्यावरून जाताना माणगावला गाडी चहासाठी थांबते. त्या गावात नाईक यशवंत घाडगे यांचा पुतळा आहे, हे मला लहानपणापासून ठाऊक होते. ते याच तालुक्यातल्या पळसगावचे, एवढेही माहीत होते. त्यांनी नेमके काय केले ते मी एका परतीच्या प्रवासानंतर सावकाश वाचले. १० जुलै १९४४, म्हणजे आमच्या ओमाहानंतर पाचच आठवडे. इटलीत तायबर नदीचे वरचे खोरे. पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या तिसऱ्या पलटणीतली त्यांची तुकडी अगदी जवळून मशीनगनच्या माऱ्यात सापडली आणि त्यांच्याखेरीज सगळे ठार किंवा जखमी झाले. ते एकटे धावून गेले. हातबॉम्बने मशीनगन बंद पाडली, टॉमी गनने एकाला टिपले. उरले दोघे. आणि व्हिक्टोरिया क्रॉस या ब्रिटिशांच्या सर्वोच्च शौर्यपदकाच्या मानपत्रात इथे नोंद आहे, की मॅगझिन बदलायला वेळ नव्हता. म्हणून त्यांनी बंदूक नळीकडून धरली आणि दस्त्याच्या घावांनी त्या दोघांना संपवले. मग लपलेल्या नेमबाजांच्या गोळ्या लागून ते तिथेच पडले. वय बावीस.

मी ते वाक्य दोनदा वाचले. टॉमी गन, तीच उधळी बंदूक. दोन सेकंदे, तीच दोन सेकंदे, ज्यांच्या नावाने मी सोफ्यावर बसून चडफडत असे. पुढच्या वर्षी ९ एप्रिलला इटलीतच, सेनिओ नदीच्या काठी, नगर जिल्ह्यातले शिपाई नामदेव जाधव यांचा हात जखमी होऊन टॉमी गन चालवता येईना, तेव्हा त्यांनी ती फेकून दिली आणि हातबॉम्ब घेऊन मशीनगनच्या मोर्च्यांवर धावून गेले. त्याआधी दोन जखमी साथीदारांना ते पाण्यातून उचलून मागे पोचवून आले होते. तेही व्हिक्टोरिया क्रॉसचे मानकरी झाले, आणि सुदैवाने जिवंत परतले. जिमी पॅटरसनच्या नकाशावर हॉलंड आहे, जर्मनी आहे, फ्रान्समधला पाणबुड्यांचा तळही आहे. तायबर आणि सेनिओ नाहीत. त्याची तक्रार करण्यात अर्थ नाही, अमेरिकी शौर्यपदकाच्या नावाचा तो खेळ आहे. पण त्यानंतर टॉमी गन रिकामी झाली की माझी चडफड पूर्वीसारखी रंगेना.

गेल्या मे महिन्यात भाची सुटीसाठी आली, तेव्हा माळ्यावरून ते यंत्र खाली काढले. पिवळी, पांढरी आणि लाल अशा तीन वायरींना नव्या टीव्हीच्या पाठीत जागा मिळेना, म्हणून पावणेदोनशे रुपयांचे एक डबीएवढे उपकरण आणावे लागले. डिस्क बराच वेळ घरघरली आणि लागली. भाची चौदा वर्षांची. फोनवर असल्या लढाया ती जेवता जेवता जिंकते. मान आणि पाय तिला पहिल्या मिनिटात जमले, याचे मला थोडे वाईट वाटले. किनाऱ्यावर पोचून ती एका लोखंडी अडथळ्यामागे बसली आणि वाट पाहू लागली.

“मामा, हेल्थ वाढत का नाही?”

“पाणी शोधावे लागते.”

“बीचवर?” तिने समुद्राकडे मान वळवून पाहिले, आणि माझ्याकडेही. मग उठून धावली, नेम धरला, आणि मी सांगितले म्हणून मोठ्याने मोजू लागली: पाच, सहा, सात. आठवी चुकली. टिंग. ते हात आपल्या जुन्या निवांतपणे क्लिप बसवू लागले, तिने बटण तीनदा दाबून पाहिले, आणि पडदा लाल होत गेला.

“आता कुठून सुरू होणार?”

“होडीतून.”

“पुन्हा अख्खं?”

“पुन्हा अख्खं,” मी म्हणालो, आणि ती होडी लाटांवर डुलत येईपर्यंत आम्ही दोघे आंब्याची एकेक फोड खात बसलो.